वाडीतलं एकटं ख्रिस्ती घर आणि रोजची साक्ष

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या वाडीत तुमचं एकटंच ख्रिस्ती घर आहे. तुम्ही पतसंस्थेत नोकरी करता. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी कानावर पडतं, की आपलं जीवन पाहून शेजाऱ्यांनी प्रभूकडे वळलं पाहिजे. आणि तुम्ही लिहिता, की एखाद्या सकाळी सासूबाईंवर आवाज चढतो, शेजारच्या काकी ऐकतात, आणि मग दिवसभर जीव खात राहतो की आज साक्ष बुडाली. रोजच्या जगण्याचा लोकांवर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर कसा? गणपतीच्या दिवसांत कसं वागायचं, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी दक्षिण कोकणात पाळक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मंडळ्या लहान. काही गावांत तर बोटांवर मोजण्याइतकी घरं. त्यामुळे वाडीत एकटं असणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे. परिणाम होतो, ताई, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. पण तो बहुतेक वेळा अशा जागी होतो, जिथे आपण साक्ष देतो आहोत हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. पैशाच्या व्यवहारात, गड्याशी बोलताना, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. आपण डोळे मिटून किती वेळ प्रार्थना करतो याच्याशी शेजाऱ्याला देणंघेणं नसतं. त्याच्याकडून हातउसने घेतलेले पाचशे रुपये आपण कधी परत केले, हे मात्र त्याला पक्कं आठवतं.

एक ओझं आधी खाली ठेवा. कुणाचं मन पालटणं हे तुमचं काम नाही, ते पवित्र आत्म्याचं आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. मत्तयाचा पाचवा अध्याय. पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो बजावतो, की लोकांनी पाहावं म्हणून त्यांच्यासमोर धर्माचरण करू नका. दोन्ही एकाच प्रवचनात आहे, आणि येशू पहिलं बोलणं विसरून दुसरं बोलला असं तर होणार नाही. मला त्याचा मेळ असा लागतो: काम लोकांच्या डोळ्यांसमोर होणारच, कारण आपण लोकांतच राहतो; पण ते करताना कोण बघतंय याची मोजदाद ठेवू नये. तुम्ही सध्या ती मोजदाद ठेवता आहात, आणि त्यानेच तुमची दमछाक होते आहे.

‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हे वचन आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये. पावसाळ्याच्या बेगमीला बांगडा खारवताना पोट साफ करतात, आत मीठ भरतात, मग एक थर माशाचा, एक मिठाचा असं रचत जातात. मीठ माशाला लागून राहतं म्हणून तो टिकतो. बाजूच्या बरणीत राहिलेल्या मिठाचा त्याला उपयोग नाही. गालील सरोवराकाठीही मासे खारवण्याचा धंदा चालत असे, आणि येशूचे पहिले शिष्य त्याच सरोवरावरचे कोळी होते. म्हणून मला चिंता वाटते ती कधीमधी आवाज चढणाऱ्या तुमच्यासारख्या बहिणीची नाही. वाडीतलं येणंजाणं तोडून फक्त मंडळीतल्या माणसांत वावरणाऱ्यांची मला जास्त चिंता वाटते. त्यांच्याकडून चूक होताना कुणाला दिसत नाही, कारण त्यांचं काहीच कुणाला दिसत नाही.

आता तुमच्या नोकरीबद्दल सविस्तर बोलतो, कारण तुमची खरी जागा तिथे आहे असं मला वाटतं. पतसंस्थेत माणूस दोन वेळा येतो, चार पैसे ठेवायला आणि नड पडली की उचलायला. दुसऱ्या वेळी तो मान खाली घालून येतो. हप्ते थकले की तुमच्यासारख्या कर्मचाऱ्याला वसुलीला त्याच्या दारात जावं लागतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याबद्दल एक आज्ञा आहे, तिच्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कुणाला कर्ज दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो माणूस स्वतः गहाण बाहेर आणून देईल. आणि तो गरीब असेल, त्याने पांघरूण गहाण ठेवलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत कर, म्हणजे तो ते पांघरून झोपेल. कर्ज माफ करा असं तिथे म्हटलेलं नाही. कर्जदाराच्या उंबऱ्याचा मान राखा, असं म्हटलं आहे.

वसुलीला जाताना हे पाळता येतं. थकबाकीदाराला चहाच्या टपरीवर चारचौघांत हटकायचं नाही. त्याच्या घरी पाहुणे असतील तर ‘सहज आले होते’ म्हणून माघारी फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी जायचं. त्याच्या बायकोला किंवा मुलीला आकडा सांगायचा नाही. दंडव्याजात काही सवलत मिळण्यासारखी असेल, हप्ते पुन्हा बांधून मिळत असतील, तर त्याने विचारायची वाट न बघता आपण सांगायचं. पिग्मी भरणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या पुस्तकात आकडा घालताना तो तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. ठेवीला वारस लावला नसेल तर लावून घ्यायचा. कॅश टॅली करताना वीस रुपये जास्त निघाले तर ते कुणाचे हे शोधायचं. आणि कुणी संचालक ‘इथे मागची तारीख घालून सही करा’ म्हणाला, तर नाही म्हणायचं. मोठ्याने नाही, सर्वांसमोर नाही, पण नाही म्हणायचं. यातल्या एकाही कामावर ‘हे ख्रिस्ती आहे’ असा शिक्का नसतो. तरी काही वर्षांनी लोक काउंटरवर येऊन विचारतात, ‘त्या मॅडम आहेत का? नसतील तर उद्या येतो.’ अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यामुळे एका आडगावात ख्रिस्ती माणसाच्या शब्दाला काय किंमत आली हेही पाहिलं आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ, आंब्याची कलमं बाळगून आहेत. एप्रिलअखेरची दुपार, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेट्या भरायचं काम चालू होतं. झेल्याने उतरवलेला आंबा पेंढ्यावर मांडलेला, दोन पोरं आकारानुसार निवडत होती. तुम्ही देवगडच्या, तुम्हाला साका काय ते सांगायला नको. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, की हापूसच्या गरात पांढरट, भुसभुशीत, आंबट भाग तयार होतो तो साका. फळ बाहेरून सोन्यासारखं दिसतं, कापल्याशिवाय काही कळत नाही. उन्हाने तापणाऱ्या कातळावरच्या कलमांना याचा त्रास जास्त. या गृहस्थांची सवय अशी, की प्रत्येक काढणीतले काही पिकलेले आंबे ते कापून बघतात. त्या दिवशी वरच्या कातळावरच्या कलमांचे आंबे कापले आणि एकामागून एक साका निघाला. त्यांनी तो सगळा ढीग बाजूला सारायला सांगितला. निवडणाऱ्या पोरांपैकी एक म्हणाला, ‘काका, भायरसून कोणाक कळता? भरून टाकूया.’ ते मान वर न करता म्हणाले, ‘जो कापतलो, तेका कळतला मा.’ मग वाशीच्या व्यापाऱ्याला फोन करून त्यांनी सांगितलं, की यंदा वरच्या बागेचा माल पाठवत नाही. तो ढीग कॅनिंगला किलोच्या भावाने गेला, आणि तिथेही त्यांनी साका आहे हे सांगूनच घातला. नुकसान बरंच झालं. घरात त्यावरून बोलणीही झाली, ती मी ऐकली आहेत.

तो पोरगा गावातल्या मानकऱ्यांच्या घरातला. पुढे त्याने दुसऱ्याची बाग कराराने घेतली. मी एकदा त्याच्या मांगरात गेलो, तर तिथेही सुरी आणि कापलेले आंबे दिसले. मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला, ‘ही काकांची सवय लागली.’ शिमग्याला तो आजही ग्रामदेवतेची पालखी नाचवतो. आमच्या उपासनेला तो कधी आलेला नाही, येईल असंही मला वाटत नाही. मंडळीतले एक भाऊ म्हणाले, ‘मग यात प्रभूला काय मिळालं?’ मला हा प्रश्न पटत नाही. वाशीच्या बाजारातून पेटी घरी नेणाऱ्या कुणा माणसाची फसवणूक टळली, एका तरुणाने खोट्याला नाही म्हणायची सवय लावून घेतली. खरा काटा, खरी वजनं, खरं माप वापरा ही बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञा आहे. देवाला हे हवं आहे, तर ते झाल्यावर त्याला काय मिळालं असं कसं विचारायचं?

बागेचाच विषय निघाला म्हणून कामगारांबद्दल बोलतो. आपल्याकडे कलमांची राखण करायला नेपाळी गडी असतात, बोटींवर परराज्यांतले खलाशी असतात. त्यांना गावात नातेवाईक नाही, भाषा अर्धवट येते. एखाद्या घराचा विश्वास किती खरा हे बघायचं असेल, तर मी त्या घरच्या गड्याची खोली बघतो. पत्रा गळतो का? ताप आला तर त्याला दवाखान्यात कोण नेतं? मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं त्याच लेवीयच्या अध्यायात आहे, आणि याकोब तर लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. ‘हंगाम संपल्यावर एकदम देऊ’ म्हणून गड्याचे पैसे अडकवून ठेवणारा ख्रिस्ती बागायतदार माझ्या माहितीत आहे, आणि त्याच्या घरी दर बुधवारी प्रार्थनासभा भरते. वाडीतल्या लोकांना या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. तुमच्यामुळे देवाचं नाव परक्यांत बदनाम होतं असं कुणी म्हटलं, तर रोमकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने तेच लिहून ठेवलं आहे आणि ते त्याने धार्मिक माणसांनाच उद्देशून लिहिलं आहे. आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती म्हटलं की दारू, असंही लोक सर्रास बोलतात. ते बोलणं सगळ्यांना लागू नाही, पण निराधारही नाही. त्याला उत्तर वादातून देता येत नाही. घरातली बाटली बंद होते तेव्हा ते आपोआप दिलं जातं.

आता थोडं मागे जाऊ. कवी नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले. १८६१ साली दापोलीजवळच्या करजगावात त्यांचा जन्म झाला. १८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला निघाले असताना डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी आदबीने वागला, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात दिली. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात साहेबाने एका देशी माणसाला डब्यात बरोबरीने वागवणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि पुस्तक उघडायच्या आधी टिळकांनी ते वागणं पाहिलं होतं.

पंडिता रमाबाईंचंही असंच. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या, लोकांनी हिणवलेल्या पण येशू जिच्याशी आपणहून बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग वचन आलं. हा क्रम मी नव्या उपदेशकांना नेहमी सांगतो, कारण आपल्याला तो उलटा करायची घाई असते.

तरी परिणाम दिसायलाच हवा असा हट्ट इतिहासही पुरवत नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोटला काम सुरू केलं, पुढे हर्णैला. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरल्यावर मराठी शिकायला आधी हर्णैलाच येऊन राहिले. या मिशनऱ्यांनी गावोगाव शाळा काढल्या. बाप्तिस्म्यांची संख्या बघितली तर ते काम फसलं असंच कुणीही म्हणेल, आणि ती माणसं थोड्याच वर्षांत मुंबई-पुण्याकडे गेलीही. पण ज्या पोरांना त्या शाळांत अक्षरओळख झाली, त्यांच्या घरांत पुढे काय काय झालं याचा हिशेब कुणाच्या वहीत सापडायचा? वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलचंही तसंच. तिथले डॉक्टर गोहीन यांचा मुलगा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, हे पुस्तकांत मिळतं. जुन्या बायका मला त्यातलं काही सांगत नाहीत. त्या सांगतात, रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सबाईने हात कसा धरून ठेवला होता.

घराबद्दल मी मुद्दाम शेवटी येणार होतो, पण तुमचा सल तिथेच आहे, म्हणून आता बोलतो. पुन्हा टिळकांकडेच जाऊ. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर त्या परत आल्या, तरी धर्मांतराची घाई त्यांनी केली नाही; सोवळंओवळं, जातपात या एकेका गोष्टीचा स्वतःच्या मनाशी निकाल लावत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आपल्या आठवणींत नवऱ्याचा तापटपणा, लहरीपणा, घरात पैसा न टिकणं, काहीही झाकून ठेवलेलं नाही. म्हणजे टिळकांच्या साक्षीची सर्वांत जवळची साक्षीदार सांगते, की हा माणूस रागीट होता. आणि तीच सांगते, की तो कसा निर्मळ होता, आपला शब्द कसा पाळायचा, अनाथ पोराला कसा घरात आणायचा. तेव्हा सासूबाईंवर आवाज चढला म्हणून सगळं बुडालं असं नाही, ताई. त्या संध्याकाळी काय होतं, हे जास्त महत्त्वाचं. ‘सकाळी मी चुकले, आई’ हे वाक्य तुमच्या घरात बोललं जातं का? तेही काकींना ऐकू जाईल अशा पडवीत? ज्या घरांत मोठी माणसं धाकट्यांची आणि धाकटी मोठ्यांची माफी मागतात, अशी घरं कोकणात काय, कुठेही फार नाहीत. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशूने सांगितलं. सुनेने सासूकडे जाणं त्यात येतं. सासूने सुनेकडे जाणंही येतं. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, मी आलो की सांगेन.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे, की विश्वास न ठेवणारे नवरे बायकांच्या वागण्याने, एक शब्दही न बोलता, मिळवले जातील. हे वचन दाखवून मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, तुझी साक्ष होईल’ असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. तो वचनाचा गैरवापर आहे. मार सहन करण्यात साक्ष नाही. अशी बहीण तुमच्या ओळखीत असेल तर तिला आधी सुरक्षित जागी न्या, गरज पडली तर पोलिसांत न्या.

आता गणपती. कोकणात चतुर्थीला मुंबईची माणसं गावी येतात, घराघरांत आरत्या होतात, रात्री भजनं रंगतात. त्या दिवसांत दार लावून घेणाऱ्या घराला वाडी वर्षभर परकं समजते. माझं मत असं: जा. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना वरती फळं चढवायला हात लागत असेल तर लावा. मोदकाच्या उकडीला, भाजी चिरायला बसा. म्हाताऱ्यांची विचारपूस करा, मुंबईहून आलेल्या पोरांशी बोला. आरतीला हात जोडणं तुमच्या विवेकाला पटत नसेल तर एका बाजूला शांत उभं राहा. प्रसादाबद्दल आपल्या मंडळ्यांमध्येच एकमत नाही. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायांत, हाच पेच सोडवतो आणि दर वेळी शेवटी समोरच्याच्या मनाचा विचार करायला सांगतो. तुम्ही घेत नसाल तर ते आदल्या दिवशी काकींना एकटीला गाठून सांगा: ‘काकी, मी येणार, काम करणार, जेवणार. फक्त नैवेद्याचं ताट मला वाढू नका, रागवू नका.’ ऐनवेळी सगळ्यांसमोर हात मागे घेतला की अपमान होतो. आधी सांगितलं की काकी स्वतःच तुमचं ताट वेगळं काढतात. तिथे उपदेश करू नका, कुणाच्या देवाबद्दल वावगं बोलू नका, मंडळीत परत येऊन त्यांच्या पूजेची चेष्टाही करू नका. आणि नाताळला करंज्यांचा डबा सर्वांत आधी त्याच घरी जाऊ द्या.

सणापेक्षा दुःखात जाणं जास्त लक्षात राहतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा करोनाचे दिवस होते, लोक एकमेकांच्या घरी जायला घाबरत होते. कलमं उन्मळून पडली, कौलं उडाली, कित्येक वाड्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. आमच्या एका कुटुंबाच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्यांनी दारातून पाइप काढून रस्त्यावर सोडला आणि सकाळ-संध्याकाळ वाडीला पाणी दिलं. डिझेल स्वतःचं. त्या घराची आणि शेजारच्या घराची बांधावरून जुनी कोर्टकचेरी होती. शेजारचा कळशी घेऊन रांगेत उभा राहिला, त्याला कुणी काही बोललं नाही, त्याची कळशी भरली गेली. तो खटला अजून चालू आहे असं मी ऐकतो, पण दोन घरांतलं बोलणं सुरू झालं आहे.

सार्वजनिक कामही रोजच्या जगण्यात येतं, हे आपण विसरतो. वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत बागायती आणि पाणी वाचवायला उभं राहून धमक्या सोसल्या, त्यात सर्व धर्मांची माणसं त्यांच्यासोबत आली. उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) २०२० च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेही मराठी माणसाने त्यांना आपलं मानलं म्हणून. आपल्याला एवढं मोठं काही जमायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना आपली बोट किनाऱ्याला ठेवणं, एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांत सामील न होणं, ग्रामसभेला जाऊन बसणं, पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेच्या, श्रमदानाला फावडं घेऊन हजर राहणं, इतकं पुरे.

मदतीबद्दल एक कडक सूचना. कुणाला पैसे, औषध, शाळेची फी, नोकरीची शिफारस काहीही दिलंत, तर त्याच्या बदल्यात काहीही अपेक्षू नका. ‘रविवारी या’ हेसुद्धा त्या दिवशी म्हणू नका. अडचणीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो, आणि वाडीत मात्र संशय कायमचा बसतो. तुमच्यामुळे दहा गावांतल्या ख्रिस्ती घरांकडे लोक त्या नजरेने बघायला लागतात.

आणि कुणी आपणहून विचारलं तर? विचारतात, ताई. काकी विचारतील. ‘गो बाय, घरात एवढा दुखणा झाला, तरी तू हसान कशी बोलतस?’ तेव्हा मागे सरू नका. आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने, असं पेत्र सांगतो. दोन वाक्यांत सांगा, आणि काकींच्याच बोलीत सांगा: ‘काकी, माका पण भीती वाटता. पण मी येशूक सांगतंय, आणि तो ऐकता.’ मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. त्यांच्या मुलाच्या नोकरीचं किंवा सुनेच्या बाळंतपणाचं काही निघालं, तर ‘प्रार्थना करू का?’ असं विचारा. हो म्हणाल्या तर तिथेच, पडवीत, चार ओळींची करा. नाही म्हणाल्या तर चहा ठेवा. पुढच्या आठवड्यात मुलाची चौकशी करायला विसरू नका. पुस्तिका मागितली तर द्या, नाही मागितली तर देऊ नका. उपासनेला यायचं त्यांनी स्वतःहून काढलं, तर ‘घरच्यांना सांगून या’ म्हणा. लपूनछपून आणू नका.